फळीवरचं नाव

लोणारच्या बसस्टँडकडून सरोवराकडे जाणाऱ्या रस्त्यावर मन्सुरी गादीघर आहे. त्याचा मालक रहेमतुल्ला उतारवयात स्वतःच्याच प्रेमात पडलाय, असं सध्या गावाचं पक्कं मत आहे. पुरावा शोधायला आत जायची गरज नाही, तो दुकानाच्या खांबालाच टांगलेला असतो. एक काळी फळी. तिच्यावर रोज सकाळी रहेमतुल्ला खडूनं इंग्रजीचा एक शब्द लिहितो, शेजारी उर्दूत त्याचा अर्थ, आणि खाली तो शब्द वापरून इंग्रजीतच एक वाक्य. गेली तीन वर्षं या वाक्यांत एकच माणूस राहतोय. रहेमतुल्ला उशिरा उठला. रहेमतुल्लाची चप्पल तुटली. रहेमतुल्लाला डाव्या कानानं कमी ऐकू येतं.

"इतक्या वेळा तर निवडणुकीतला उमेदवारही सोताचं नाव लिहीत नाही," समोरचा चहावाला गोकुळ म्हणतो.

यावर रहेमतुल्ला पिंजायच्या मशीनमध्ये रुई घालतो. मशीन सुरू झाली की लोणारात कोणीच त्याच्याशी वाद घालू शकत नाही.

पण फळी आधी अशी एकलकोंडी नव्हती.

रहेमतुल्ला उर्दू शाळेत दहावीपर्यंत शिकला. बाकी विषयांत निघाला, इंग्रजीत बत्तीस मार्क पडले. पास व्हायला पस्तीस लागत. बापानं निकाल ऐकला, रुईचा गठ्ठा त्याच्या पुढ्यात टाकला आणि शिक्षण तिथं संपलं. तेव्हापासून शिक्षण किती झालं असं कोणी विचारलं की तो 'मॅट्रिक फेल' म्हणत नाही. 'मॅट्रिक ऑल्मोस्ट' म्हणतो. म्हणताना छाती थोडी पुढे येते. ऐकणारा हसतो, पण रहेमतुल्ला विनोद करत नसतो. पिंजाऱ्याच्या गल्लीतून तीन मार्कांच्या अंतरापर्यंत जाऊन आलेला तोपर्यंत तो एकटाच होता.

पुढे कधीतरी रद्दीवाल्याकडं त्याला इंग्रजी-उर्दू लुगत सापडली, म्हणजे शब्दकोश. पुठ्ठा गेलेला, पहिली साठ-सत्तर पानंही गेलेली. 'ए' आणि 'बी' ची अक्षरं उंदरांनी शिकून घेतली होती. रहेमतुल्ला 'सी' पासून पुढचं शिकला आणि एका जुन्या दाराची फळी काळी रंगवून गल्लीलाही शिकवायला लागला.

त्याची एक रीत होती. आदल्या दिवशी दुकानात जो इंग्रजी शब्द कोणाच्या तोंडून सांडेल तोच दुसऱ्या दिवशी फळीवर. आणि वाक्य खरं पाहिजे. पुस्तकातल्या वाक्यांवर त्याचा भारी राग.

"पुस्तकातला जॉन रोज बाजारात जाते. कोणता जॉन? कोणता बाजार? कोणी पाह्यला त्याले? झूटं वाक्य लिहून लफ्ज डोक्यात बसत नाही."

म्हणून 'अर्जंट' शब्द आला तेव्हा फळीवर लिहिलं गेलं की कलाबाईला गादी अर्जंट पाहिजे पण खोळ अजून आणलेली नाही. 'क्वालिटी' आला तेव्हा गोकुळच्या चहाची निघाली. गोकुळ दोन दिवस रुसला, तिसऱ्या दिवशी सरोवर पाहायला आलेल्या पाहुण्यांना स्वतःच फळी दाखवायला लागला. फळीवर नाव लागणं हा मान झाला होता. गल्लीतल्या पुष्पाबाईनं तर एकदा दारात उभं राहून विचारलंच, "काऊन हो चाचा, माह्यं नाव काय इंग्रजीत बसत नाही?"

उर्दूवाले अर्थ वाचत आणि बाकीच्यांसाठी लक्ष्मीकांत होते. लक्ष्मीकांत तहसील कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. बरोबर दहा वाजता यायचे, चष्मा पुसायचे आणि फळी मोठ्यानं वाचून तिचं मराठी करून सांगायचे. कोणी सांगितलं नव्हतं, पण कचेरीची सवय. समोर कागद दिसला की वाचल्याशिवाय पुढं सरकवायचा नाही.

आणि फळी पुसायचा मान नाजिशचा होता. नाजिश ही दुकानामागच्या गल्लीतल्या अख्तरीची मुलगी. अख्तरीचा नवरा लवकर गेला, मोठा मुलगा अनस सहावीतून शाळा सोडून कामाला लागला आणि आता स्वतःच्या टेंपोत भाजीपाला भरून मेहकरच्या बाजारात नेतो. नाजिश शाळेत जाता जाता ओढणीच्या टोकानं कालची फळी पुसायची, मग रहेमतुल्ला आजचं लिहायचा. आठवीत असताना तिनं पहिल्यांदा त्याचं स्पेलिंग चुकलेलं काढलं. रहेमतुल्लानं लुगत उघडून पाहिली, चूक कबूल केली आणि त्या दिवसापासून तिच्याशी बरोबरीच्या माणसासारखा बोलायला लागला.

ही नाजिश बी.ए. झाली आणि पंचविसाव्या वर्षी तिनं पोलीस भरतीचा फॉर्म भरला. घरात फक्त अख्तरीला माहीत. अनसला सांगितलं होतं की मेहकरला कॉम्प्युटरचा क्लास आहे. होता तो भरतीचाच. अनस रोज आपल्याच टेंपोत तिला मेहकरला सोडायचा, "अच्छे से सीख, बाजी," म्हणायचा आणि कांद्याची पोती उतरवायला निघून जायचा. बहीण लहान असली तरी लाडानं तो तिला बाजी, म्हणजे ताईच म्हणत असे. पहाटे तो टेंपोत माल भरायला गेला की ही सरोवराच्या रस्त्याला धावायची. मागून अख्तरी हातात डबा घेऊन भराभर चालायची, कोणी विचारलं तर नातेवाइकाकडं चाललो म्हणायला. रोज पहाटे डबा पोचवावा लागणारा नातेवाईक लोणारात कोणता, हे सुदैवानं कोणी विचारलं नाही.

पुस्तकं रहेमतुल्लाच्या दुकानात असायची, फळकुटावर, खोळींच्या ढिगात. दुपारी ती येऊन कापसाच्या गठ्ठ्याला टेकून वाचायची. म्हणजे रहेमतुल्ला या गुपितात गळ्यापर्यंत होता.

"अनस को बोल क्यों नहीं देती?" त्यानं एकदा विचारलं.

"ग्राउंड निकल जाने दो, चाचा. फिर बोलती."

ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, निघालं. धावण्यात ती पुष्कळजणींच्या पुढे आली. मग ती म्हणाली, पेपर होऊ दे. पेपर झाला. मग निकाल लागू दे.

निकाल लागला त्या दिवशी ती दुपारी आली. रहेमतुल्ला गादीला टाके घालत होता. ती उभीच राहिली.

"दो नंबर से, चाचा. मराठी के व्याकरण में गये."

दाभण हातात तसंच राहिलं. त्याला वाईट वाटायला हवं होतं आणि वाटलंही, पण त्याच्या आत, न लपवता सांगायचं तर, दुसरंच काहीतरी उसळलं. दोन मार्क! त्याचे तर तीन होते.

"अरे, तो फेल कहां हुई तू? ऑल्मोस्ट हो गयी थी!"

नाजिश थोडी हसली. "हाव. ऑल्मोस्ट." मग खोळींच्या ढिगाकडं पाहून म्हणाली, "किताबें रहने दो इधरच. अगली भरती का फॉर्म भरती मैं. और घर में अभी मत बोलना. मैं बोलूंगी भाई को, ठीक से."

"मैं क्यों बोलूं?" रहेमतुल्ला म्हणाला. आणि खरंच, त्यानं कोणाला एक शब्दही तोंडानं सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फळीपुढं उभा राहिला. काल दुकानात सांडलेला शब्द एकच होता. 'ऑल्मोस्ट'. लुगतमध्ये तो नव्हता, 'ए' ची पानं उंदरांकडं होती, पण या एका शब्दासाठी रहेमतुल्लाला लुगत लागत नव्हती. चाळीस वर्षं तो अंगावर वागवलेला होता. उजवीकडं त्यानं झोकात लिहिलं, 'करीब-करीब'. मग वाक्य. क्षणभर खडू थांबला, नाही असं नाही. 'मत बोलना' हे त्याला आठवलं. पण माणूस स्वतःला समजावायला लागला की वकील कमी पडत नाहीत. लपवायची ती वाईट गोष्ट. ही तर इज्जतीची. आणि अनसला इंग्रजी येत नाही, उर्दूही सहावीपुरती. फळीकडं तो ढुंकूनही पाहत नाही. आणि सगळ्यांत मोठा वकील हा की गल्लीत इतकी वर्षं एकटा 'ऑल्मोस्ट' म्हणून फिरणाऱ्या माणसाला आज जोडीदार मिळाला होता, आणि ते त्याच्या पोटात राहत नव्हतं.

त्यानं लिहिलं, नाजिश ऑल्मोस्ट पास्ड द पोलीस एक्झाम. अक्षर त्या दिवशी फार चांगलं आलं.

दहा वाजता लक्ष्मीकांत आले. गोकुळच्या बाकावर पाच-सहा माणसं होती. रस्त्याच्या कडेला पंक्चरवाल्याकडं अनस टेंपोच्या चाकात हवा भरून घेत होता. रहेमतुल्लानं त्याला पाहिलं आणि त्याच वेळी लक्ष्मीकांतांनी चष्मा पुसलेलाही पाहिला.

"बाबूजी, आज रहू द्या…" तो म्हणेपर्यंत लक्ष्मीकांतांनी इंग्रजी वाचून टाकलं होतं. आता मराठी.

"म्हणजे असं, का नाजिश पोलिसाच्या परीक्षेत पास होता होता राह्यली."

होता होता राहिली. रहेमतुल्लानं ते मराठीत पहिल्यांदाच ऐकलं. इंग्रजीत लिहिताना ती पोचली होती, उर्दूत जवळजवळ पोचली होती, आणि मराठीत येईपर्यंत ती मागंच राहून गेली होती.

"कोण नाजिश? आपली अख्तरीबीची?" बाकावरून कोणीतरी विचारलं.

"वा! आपली पोरगी पोलीस व्हता व्हता वाचली," दुसरा म्हणाला, आणि बाक हसला. तसं दुष्टपणानं नाही. चहाबरोबर जसं हसतात तसं.

अनसनं हवेची नळी खाली ठेवली. तो दुकानाशी आला. रहेमतुल्लाला वाटलं, आता शिव्या देईल, आणि शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. अनस फळीकडं पाहत होता. वाचता येत नसलेल्या अक्षरांत बहिणीचं नाव कुठं आहे ते शोधत असावा.

"कॉम्प्युटर क्लास नहीं था वो?"

रहेमतुल्ला फळीच्या आड येऊन उभा राहिला.

"आपको मालूम था चाचा. लक्ष्मीकांतबाबू को मालूम. गोकुळ को मालूम. मेरे कू रोड पे मालूम पडा."

"बेटा, इन सबको तो आज ही…" रहेमतुल्ला म्हणायला गेला. अनस टेंपोत बसून निघून गेला. एका चाकात हवा कमीच राहिली होती.

नाजिश त्या दिवशी आली नाही. फळी रहेमतुल्लानंच पुसली, बाहीनं. शब्द मात्र पुसला गेला नव्हता. गल्लीतली पोरंटोरं आठवडाभरात तिला 'ऑल्मोस्ट बाजी' म्हणायला लागली. तिनं घराबाहेर पडणं कमी केलं. घरात कोणी तिच्यावर हात उचलला नाही, आरडाओरडा झाला नाही. अनसनं एवढंच म्हटलं की आता बस. जळगाव जामोदचं एक स्थळ वर्षभर थांबून होतं, अख्तरी त्यांना 'मुलगी शिकतेय' म्हणून थोपवत होती. अनसनं फोन करून होकार कळवला.

रहेमतुल्ला एकदा त्याच्याकडं गेला. टेंपोजवळच उभं राहून बोलणं झालं.

"उसको और एक बार बैठने दे, अनस. दो नंबर की बात है."

अनस दोरी आवळत होता. "चाचा, वो खुद आके मेरे सामने बोलती ना, कि भाई झूट बोली मैं, माफ कर, तो मैं गुस्सा होता दो दिन. फिर शायद हाव बोल देता." त्यानं गाठ मारली. "अब क्या बोलूं? अब तो पूरा गांव पूछता, तेरी बहन कितने नंबर से रह गयी."

रुखवतातली गादी-रजई रहेमतुल्लाकडूनच जायची, गल्लीची रीतच तशी. अख्तरी खोळी घेऊन आली तेव्हा त्याच्याकडं न पाहता बसली. त्यानं सरकीचा एक कणही राहू दिला नाही, रुई तीनदा पिंजली. रजईचे टाके इतके बारीक घातले की त्यात चार दिवस गेले. इतकी चांगली रजई त्यानं स्वतःच्या मुलींनाही दिली नव्हती. खोळींच्या ढिगातली पुस्तकं त्यानं अख्तरीला परत देऊ केली. अख्तरी म्हणाली, "रखो आपही. आपको शौक है ना पढाने का."

ती गेल्यावर त्यानं पुस्तकं पुन्हा फळकुटावर ठेवली. अजून तिथंच आहेत.

निकाह झाल्यानंतरच्या पहिल्या सकाळी त्यानं फळी लिहायला घेतली. हात दुसऱ्याचं नाव लिहायला तयार होईना. खरं वाक्य तर पाहिजे. मग त्यानं स्वतःचं नाव लिहिलं. ते कोणाच्या भरतीच्या आड येणार नव्हतं, कोणाच्या भावाला रस्त्यावर उभं करणार नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच. पुष्पाबाईनं दोनदा आठवण करून दिली आणि मग तिनंही नाद सोडला. बाकावरची गर्दी पातळ झाली. रहेमतुल्लाच्या चपलेची बातमी ऐकायला कोण थांबणार?

तीन वर्षं गेली. यंदा पुन्हा पोलीस भरतीची जाहिरात आली. रहेमतुल्लानं गोकुळच्या हॉटेलातला पेपर विचारून घेतला, कात्रीनं, म्हणजे खोळ कापायच्या मोठ्या कात्रीनं, जाहिरात कापली आणि चौघडी करून खिशात घातली. दोन दिवस ती खिशातच होती. तिसऱ्या दिवशी फळी कोरी सोडून त्यानं पहाटेची मेहकर गाडी धरली. मेहकरहून खामगाव, खामगावहून नांदुरा, तिथून जळगाव जामोद. सगळ्या वाटेत तो एकच वाक्य जुळवत होता. नाजिश, मेरी गलती थी, मुझे माफ कर. त्यात अवघड काही नव्हतं. आठवीतल्या पोरीपुढं त्यानं स्पेलिंगची चूक अर्ध्या मिनिटात कबूल केली होती.

घर सापडलं. नाजिशनं दार उघडलं. अंगानं जरा भरली होती.

"चाचा! आप?" आणि आत वळून, "अम्मी, लोणार से हमारे चाचा आये. मोहल्ले के. इंग्लिश सिखाते थे."

सासू बाहेर येऊन पलंगावर बसली, ती बसलीच. चांगली बाई होती. लोणारच्या पाण्याची चौकशी केली, एस.टी.च्या गर्दीची केली, गुडघ्यांची सांगितली. नाजिशनं चहा आणला, चिवडा आणला. पलंगाच्या पायथ्याशी ती रजई घडी करून ठेवलेली होती. रहेमतुल्ला रजईकडंच पाहत राहिला.

"फळी चालू है क्या, चाचा?"

"चालू है."

"आज क्या लिखे?"

"आज नहीं लिखा. गाडी पकडनी थी."

"मेरे बगैर पोंछता कौन है?" तिनं विचारलं, आणि लगेच कप उचलून आत गेली.

निघताना ती दारापर्यंत आली. सासूला गुडघ्यांनी पलंगावरच धरून ठेवलं होतं. हीच ती वेळ. रहेमतुल्लानं खिशात हात घातला. कागदाचं टोक बाहेर आलं आणि नाजिशनं ते पाहिलं.

"भरती की है ना?" ती हळू आवाजात म्हणाली. "देखी मैंने. जिस दिन आयी उसी दिन देखी." तिनं आत एकदा वळून पाहिलं. "अपना तो ओपन में उमर अठ्ठाईस तक. मुझे पिछले महीने अठ्ठाईस पूरे हो गये, चाचा."

म्हणजे ती पाहत होती. तीन वर्षं, इथं बसून, कोणाला न सांगता, ती पाहत होती.

"नाजिश…" रहेमतुल्ला म्हणाला.

"जी?"

ती थांबली. खरंच थांबली होती. डोळ्यांत राग नव्हता, उलट वाट पाहिल्यासारखं काहीतरी होतं. रहेमतुल्लाचे ओठ हलले.

"रजई को… धूप दिखाती जा बीच-बीच में. रुई बैठ जाती नहीं तो."

नाजिशनं मान हलवली. "हाव, चाचा. दिखाती."

परतीच्या गाडीत नांदुऱ्यापर्यंत तो खिडकीबाहेर पाहत होता. कंडक्टरनं तिकिटाचे पैसे मागितले तेव्हा पैशांऐवजी खिशातून जाहिरातच निघाली. कंडक्टर म्हणाला, "चाचा, या वयात भरती?" गाडी हसली. रहेमतुल्लाही हसला, कारण दुसरं काय करणार.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता लक्ष्मीकांत आले. चष्मा पुसला. बाकावर गोकुळ धरून तिघं होते. फळीवर तोच जुना शब्द होता, 'ऑल्मोस्ट', शेजारी 'करीब-करीब', आणि खाली, रहेमतुल्ला ऑल्मोस्ट सेड इट.

लक्ष्मीकांतांनी इंग्रजी वाचलं. मग चष्मा काढून पुन्हा एकदा पुसला. तीन वर्षांपूर्वीचं त्यांनाही आठवलं असावं, कारण आवाज नेहमीपेक्षा खाली आला.

"म्हणजे असं, का रहेमतुल्ला सांगता सांगता राह्यला."

"काय सांगता सांगता?" गोकुळनं विचारलं. "काय हो चाचा, कोणाले सांगत व्हते? अर्धं वाक्य कायले लिहिता बे… लिहिता हो?"

लक्ष्मीकांत रहेमतुल्लाकडं वळले. "रहेमतुल्लाभाई, वाक्य अपुरं हाये."

"हाव, बाबूजी," रहेमतुल्ला म्हणाला. "खरं हाये, म्हणून अपुरं हाये."

आणि त्यानं मशीन सुरू केली.